जुनं १०८० टीआय, ठाण्याचा उकाडा आणि ओव्हरक्लॉक : १४४०पी ला चालतंय का, फोरके ला चालतंय का

निकाल आधीच सांगतो, ज्यांना एवढं वाचायचं नाय त्यांची सुटका. सेकंड हँड जीटीएक्स १०८० टीआय हे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड १४४०पी (२५६०x१४४०) मॉनिटरला अजूनही पैसा वसूल आहे, फोरके (३८४०x२१६०) टीव्हीला लावणार असाल तर जुन्या गेमपुरतंच, आणि ओव्हरक्लॉक करून (म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवून) जे काय हाती लागतं ते कोअरच्या, म्हणजे मुख्य चिपच्या, स्लायडरमधून नाही तर मेमरीतून आणि कार्ड गार ठेवण्यातून. यूट्यूबवर २१०० मेगाहर्ट्झ दाखवणारे एकतर वॉटर कूलिंगवर असतात नाहीतर एसीत बसलेले, आपण राहतो घोडबंदर रोडला, खिडकी उघडली की मेट्रोच्या कामाची धूळ आणि लावली की रूमची भट्टी.

तर कार्ड मार्च २०१७ चं, मेमरी ११ जीबी जीडीडीआर५एक्स, ३५२ बिट बस, आलं तेव्हा अमेरिकेत ६९९ डॉलर. मी ऐरोलीच्या एका दादाकडून १३ हजारात उचललं, तीन पंखेवालं, पॉवरचे दोन एट पिन प्लग लागणारं मॉडेल. घ्यायचं मेन कारण ते ११ जीबी. नवीन स्वस्त कार्डं बरीचशी ८ जीबीवर येतात आणि १४४०पी ला टेक्स्चर अल्ट्रा केलं की काही गेम ८ मध्ये मावत नाहीत मग मधेच अडकत अडकत चालतात, हे म्हातारं कार्ड तिथे निवांत असतं.

आता बॉक्सवर बूस्ट क्लॉक १५८२ मेगाहर्ट्झ लिहिलंय पण त्याला काही अर्थ नाही, पास्कल पिढीचं कार्ड (हे त्यातलंच) गार असेल तर स्वतःहूनच १८५०-१९०० ला जातं आणि तापलं की तेरा-तेरा मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली उतरतं, कोणाला विचारत नाही. म्हणजे तुम्ही कोअरला प्लस ६० देताय आणि टेम्परेचर वाढून ते ४०-५० परत काढून घेतंय, वर पंखे बोंबलतायत ते वेगळंच. माझं कार्ड आलं तेव्हा स्टॉकला, काहीही न छेडता, ८४ डिग्रीला टेकत होतं आणि ८४ हीच त्याची डिफॉल्ट टेम्परेचर लिमिट, तिथे पोचलं की क्लॉक अजून जोरात कापायला सुरुवात. अशा कार्डवर ओव्हरक्लॉक करणं फुकट आहे.

म्हणून पहिला खर्च आफ्टरबर्नर या ओव्हरक्लॉकच्या सॉफ्टवेअरवर नाही (ते फ्रीच आहे), चिप आणि हीटसिंकच्या मधल्या थर्मल पेस्टवर. नौपाड्यात एक रिपेअरवाले काका आहेत, त्यांनी उघडलं तर आतली पेस्ट खडूसारखी सुकलेली. मी म्हटलं काका फक्त पेस्ट करा, तर म्हणाले, "अरे नुसती पेस्ट काय करतोस, पॅड पण बदल, मेमरीवरचे पॅड कडक झालेत बघ." बदलले. जुन्या पॅडची (मेमरीची उष्णता हीटसिंकला देणाऱ्या मऊ पट्ट्या) जाडी मोजून तेवढेच लावले, हे महत्त्वाचं आहे कारण जाड पॅड लावला की हीटसिंक चिपवर नीट बसत नाही आणि मग टेम्परेचर आधीपेक्षा वाईट. सगळे मिळून ९०० रुपये घेतले आणि कार्ड ८४ वरून ७२-७३ वर आलं, क्लॉक काही न करता वर गेलं. माझ्या मते ९०० रुपयात याच्याहून चांगला ओव्हरक्लॉक मिळत नाही.

मग स्लायडर. पॉवर लिमिट जेवढी जाते तेवढी वर, टेम्परेचर लिमिट वर, पंख्यांची कर्व्ह (किती टेम्परेचरला किती वेग) स्वतः बनवलेली. व्होल्टेजचा स्लायडर मात्र सोडून द्या, पास्कलला सॉफ्टवेअरमधून जास्तीत जास्त १.०९३ व्होल्ट मिळतात, त्याने एखादी पायरी वर जाते आणि उष्णता भरपूर वाढते, ठाण्यात तर नकोच. कोअर प्लस ५० ला १९८०-२००० च्या आसपास स्थिर. मजा मेमरीत आहे. स्टॉक ११ जीबीपीएस असते, आफ्टरबर्नरमध्ये प्लस ५०० दिलं की १२ जीबीपीएस, म्हणजे बँडविड्थ (सेकंदाला मेमरीतून किती डेटा जातो) ४८४ वरून ५२८ जीबी प्रति सेकंद, सरळ ९ टक्के. आणि रेझोल्युशन वाढतं तसा बँडविड्थचा फायदा जास्त जाणवतो, १०८०पी ला काही कळणार पण नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, मेमरी जास्त ताणली की लगेच क्रॅश होईलच असं नाही, आतल्या आत एरर येऊन डेटा परत पाठवला जातो आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) उलट कमी होतो. त्यामुळे स्क्रीनवर ठिपके आले नाहीत म्हणजे ओके असं समजू नका, दर ५० ला सुपरपोझिशन हा बेंचमार्क चालवून स्कोअर बघा, स्कोअर वाढायचा थांबला की मागे या. माझं ५५० ला स्कोअर पडायला लागला म्हणून ४५० वर ठेवलंय.

गेममध्ये किती फरक? सात-आठ टक्के. १४४०पी ला फोर्झा होरायझन ५ हायवर आरामात, रेड डेड २ मिडीयम-हाय मिक्स करून साठच्या आसपास, सायबरपंकला एफएसआर (कमी रेझोल्युशनला चालवून चित्र मोठं करणं) लावावंच लागतं. ५५ चे ५९ होतात तेव्हा साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर ते जाणवतं, पण ३० चे ३२ होतात तेव्हा काय उपयोग. आणि फोरके ला हेच होतं. १४४०पी म्हणजे साधारण ३७ लाख पिक्सेल, फोरके म्हणजे ८३ लाख, सव्वादोन पट, आठ टक्क्याने ती दरी भरणार आहे का? विचर ३, जीटीए ५, डूम २०१६ असले गेम फोरके ला मस्त चालतात, नवीन काही लावलं की एफएसआर परफॉर्मन्स मोड आणि सगळं धुरकट. डीएलएसएस (एनव्हिडियाचा तसलाच पण जास्त चांगला प्रकार) नाहीच या कार्डवर, ते आरटीएक्सपासून पुढे. रे ट्रेसिंग हार्डवेअर पण नाही, त्यामुळे इंडियाना जोन्स किंवा डूम द डार्क एजेस सारखे गेम ज्यांना ते लागतंच, ते विसरा, कितीही ओव्हरक्लॉक करा.

टीव्हीवाल्यांसाठी अजून एक, एचडीएमआय २.० आहे, फोरके १२० हर्ट्झ नीट मिळणार नाही, साठलाच राहायचं.

मे महिन्यासाठी मी वेगळं प्रोफाइल ठेवलंय आणि खरं सांगू तर आता वर्षभर तेच वापरतो. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल एफ दाबून व्होल्टेज-क्लॉकची कर्व्ह उघडायची, ०.९५० व्होल्टला १९०० मेगाहर्ट्झ लावायचे, त्यापुढची लाइन सपाट, मेमरी तशीच प्लस ४५०. फुल ओव्हरक्लॉकला कार्ड ३०० वॉट खातं, याच्यात २१०-२२०. एफपीएसमध्ये दोन-तीनचा फरक, पण पंखे शांत आणि रूम राहण्यालायक. रोज तीन तास खेळलात तर महिन्याला सात-आठ युनिट वाचतात, फार नाहीत, पण उन्हाळ्यात एसीमुळे महावितरणचं बिल ३०० युनिटच्या वर गेलेलंच असतं आणि तिथून पुढचं युनिट महाग पडतं. घरात आईचं "तो कॉम्प्युटर बंद कर, गरम हवा मारतोय" पण कमी झालंय.

पॉवर सप्लाय चांगला ६०० वॉटचा तरी हवा आणि दोन एट पिनला दोन वेगळ्या केबल लावा, एकाच केबलच्या दोन शेपट्या नको.

आता घ्यायचं असेल तर. एनव्हिडियाने पास्कलला शेवटचा गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठी सुधारलेला) २०२५ मध्ये दिला, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तीन महिन्यांनी फक्त सिक्युरिटी अपडेट. विकणारा हे सांगणार नाही, भाव करताना तुम्ही सांगा. ही कार्डं क्रिप्टो मायनिंगला भरपूर वापरली गेलीत, मला त्याचं स्वतःला एवढं वाटत नाही कारण मायनर बरेचदा व्होल्टेज कमी करूनच चालवायचे, पण पंखे मात्र झिजलेले असतात, विकणाऱ्याच्या घरी बसूनच हेवन (हाही एक बेंचमार्क) पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि कान देऊन आवाज ऐका. घरी चालवून दाखवायला नाही म्हणाला तर उठून या. १५ हजाराच्या वर मागत असेल तरी उठून या, तेवढ्यात थोडे घालून वाशीला नवीन वॉरंटीवालं काहीतरी मिळतं.