गोव्यात सारंग व्हायचंय: कुंभारजुव्याची बार्ज की दिवाडीची फेरीबोट?

कागदापुरतं दोन्हीकडे सारखंच. खलाशी म्हणून सुरुवात, पाण्यावरचा नोंदलेला अनुभव, मग परीक्षा देऊन सारंगचा, म्हणजे बोट हाकणाऱ्या प्रमुखाचा, दाखला. अंतर्देशीय जहाज कायदा 2021 दोघांनाही लागू. फरक पडतो तो त्यानंतर.

फेरीबोट म्हणजे नदी परिवहन खात्याची सरकारी नोकरी. तिथे साधारणपणे 15 वर्षांचा रहिवास दाखला आणि कोकणीचं ज्ञान मागतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून येणाऱ्यांनी आधी हे पाहावं, कारण बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच संपतो. रहिवास दाखला असेल तर पगार वेळेवर, पाळी संपली की घरचं जेवण. अंतर थोडं म्हणून काम सोपं मात्र नाही. ओहोटीची ओढ लागली की बोटीचं तोंड धक्क्याच्या वरच्या अंगाला धरायचं, ती तिरपी सरकत जाते आणि रॅम्प टेकतो तो शेवटच्या क्षणी. तो नीट टेकण्याआधीच स्कूटरवाले गाडी चालू करून बसलेले असतात. त्यांना आवरणं हेही तुमचंच काम.

बार्ज म्हणजे खाणीतलं लोहखनिज बंदरापर्यंत नेणारी मालवाहू बोट, आणि ती खाजगी मालकाची. राहणं, जेवण, झोप सगळं बोटीवर, घरी कधी जायचं ते माल ठरवतो. पण बोट हाकणं शिकायचं तर इथेच, असं मी ठामपणे म्हणेन. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादला, वाळूचा दांडा आणि लाटा वाट अडवतात. मग बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरून मुरगाव बंदर गाठतात. भरलेल्या बार्जीला तळ लागू नये म्हणून भरती हवी. परतताना रिकामी बार्ज पाण्यावर उंच येते, तेव्हा पुलाखालून निघायला पाणी उतरलेलं बरं, आणि वारा तिला खारफुटीकडे ढकलत राहतो. ओढीबरोबर चाललेली भरली बार्ज सुकाणूला उशिरा दाद देते, इंजिन उलटं फिरवलं तरी लगेच थांबत नाही. वळण यायच्या आधीच सुकाणू फिरवलेलं असावं लागतं. हा अंदाज पुढे कुठल्याही बोटीवर कामी येतो.

बार्जीचा धोका पाण्यात नाही, खाणीत आहे. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च 2018 पासून परत थांबल्या. बार्जी नांगरून पडल्या, खलाशांच्या घरी पैसे येणं थांबलं. काम आता पुन्हा सुरू झालंय, पण पूर्वीसारखं नाही.

म्हणून विशीतल्या, घरची जबाबदारी नसलेल्या मुलाला मी बार्ज सांगेन, तेही अनुभवाची नोंद वेळच्या वेळी करून घेण्याच्या अटीवर. संसार असेल आणि रहिवास दाखला असेल तर फेरीबोटीची जाहिरात येईल तेव्हा अर्ज चुकवू नका. बार्जीवर चढण्याआधी मालकाला एवढं विचारा: माल नसलेल्या महिन्यांत पगार पूर्ण, अर्धा की काहीच नाही? उत्तर लेखी घ्या.