ओढ राहिली नाही, हे सांगायचं कसं: भेटून, फोनवर, मेसेजमध्ये की पत्रात?

आधी एक छाननी करा. तुमचा निर्णय झालाय, की नुसतं पूर्वीसारखं वाटत नाही आणि का ते कळत नाही? ही दोन वेगळी बोलणी आहेत. दुसऱ्या प्रकारात समोरच्याला बोलायला जागा हवी: "गेले काही महिने मी तुझ्यापासून लांब गेलोय असं वाटतंय, तुलाही जाणवतंय का?" पहिल्या प्रकारात हाच प्रश्न विचारणं म्हणजे फसवणूक, कारण उत्तर काहीही आलं तरी तुम्ही थांबणार नसता. खालचे पर्याय निर्णय झालेल्यांसाठी आहेत.

भेटून

दोन-तीन वर्षांचं नातं असेल आणि दोघं एकाच शहरात असाल, तर माझं मत भेटूनच. आवाज, चेहरा, मधली शांतता, सगळं समोरच्यापर्यंत पोचतं. "खरंच?" असं विचारायची आणि तुमच्या तोंडून "हो" ऐकायची संधी मिळते. त्या एका "हो"मुळे पुढच्या कित्येक रात्रींचे मेसेज टळतात.

अडचण जागेची. पुण्यात झेड ब्रिजवर संध्याकाळी जोड्यांची रांग लागलेली असते. तिथे शेजारच्या बाइकवरच्यांनी ऐकू नये म्हणून तुम्ही इतकं हळू बोलाल की वाक्य दोनदा म्हणावं लागेल, आणि हे वाक्य दोनदा म्हणवत नाही. कॅफेत वेटर नेमका नको त्या क्षणी बिल घेऊन येतो. आणि कृपा करून एका बाइकवर सिंहगडाला जाऊन हे सांगू नका. परत येताना तिनं तुमच्या खांद्यावर हात ठेवायचा की नाही? दोघांना आपापल्या वाटेनं लगेच निघता येईल अशी जागा निवडा. मोठी बाग, नदीकाठ, दुपारची वेळ. वाढदिवस, परीक्षा, मुलाखत यांच्या आदल्या दिवशी नको.

एका परिस्थितीत मात्र भेटू नका. समोरच्यानं आधी हात उचलला असेल, धमक्या दिल्या असतील, तर फोन किंवा मेसेजच बरा, आणि घरातल्या किंवा मित्रांपैकी कुणाला तरी आधी कल्पना द्या. धोका वाटला तर 112.

फोन

ती बंगळुरूला, तुम्ही नाशिकला, तर फोनला पर्याय नाही. व्हिडिओ कॉलपेक्षा मला साधा कॉल बरा वाटतो. रडताना स्वतःचाच चेहरा स्क्रीनच्या कोपऱ्यात बघायची वेळ कुणावर येऊ नये. आधी एवढं विचारा: "एकटी आहेस का? जरा गंभीर बोलायचंय." ऑफिसच्या जिन्यात उभं राहून हे ऐकावं लागणं वाईट.

मेसेज

चार-सहा आठवड्यांची ओळख असेल तर चालतो, उलट कधीकधी भेटीपेक्षा बरा. जुन्या नात्याला नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो, त्यानंतर तो तसाच राहतो. सगळ्यांसाठी डिलीट केलात तरी मेसेज काढल्याची खूण उरते. त्याआधीच स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या ग्रुपवर गेलेला असतो, आणि तिथे तुमच्या प्रत्येक स्वल्पविरामाचा अर्थ लावला जातो. काहीच न बोलता गायब होणं मी पर्यायात धरतच नाही.

पत्र

बोलताना घशात अडकतं अशांना पत्र सोपं, पण ते भेटीत हाती द्या किंवा भेटीनंतर. नुसतं पत्र पाठवलं तर ते पुन्हापुन्हा वाचलं जातं. आठवणींचा पाल्हाळ असेल तर त्यात आशा सापडते. एक पान पुरे.

आता वाक्यं

"मला थोडा वेळ हवाय" आणि "माझं मन आता या नात्यात राहिलेलं नाही" यांतलं पहिलं म्हणायला सोपं, पण समोरचा खरंच वाट बघत बसतो. "तू खूप चांगली आहेस गं, माझंच काहीतरी चुकतंय" हेही तसंच. त्यावर लगेच "मग आपण मिळून नीट करू" असं येतं आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. "करिअरवर लक्ष द्यायचंय" म्हणालात आणि तीन महिन्यांत दुसऱ्या कुणाबरोबर दिसलात, तर आधीचं सगळं खोटं ठरतं.

मी असं म्हणेन: "तुझ्याबद्दल आदर आहे, काळजी आहे, पण ओढ राहिलेली नाही. मी बराच विचार केलाय आणि मला हे थांबवायचंय." कारणांची यादी विचारली तर एखादंच खरं कारण सांगा. जुन्या भांडणांचा हिशेब काढू नका. "मी जिवाचं काहीतरी करून घेईन" असं उत्तर आलं तर वाद घालत बसू नका. त्यांच्या घरच्यांना किंवा जवळच्या मित्राला लगेच कळवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

साखरपुडा झाला असेल तर आधी त्या व्यक्तीला सांगा, मग दोन्ही घरांना. उलट क्रमानं गेलात की मामा-काका मध्ये पडतात आणि बोलणं हॉलच्या ॲडव्हान्सवर जाऊन अडतं.

लग्न झालेल्यांचं गणित वेगळं. हिंदू विवाह कायद्यात नुसतं प्रेम संपणं हे घटस्फोटाचं कारण नाही. परस्पर संमतीचा मार्ग कलम 13-ब मध्ये आहे, त्यासाठी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर थांबायचे सहा महिने न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये म्हटलंय. म्हणून तिथे "मला थांबवायचंय" या वाक्याच्या आधी समुपदेशकाकडे एक फेरी मारायला हरकत नाही. तीही जोडीदाराला सांगून.