शेफच्या मनाचं की आपल्या मनाचं? मोठं जेवण ठरवण्याआधी

खास दिवसासाठी मुंबईत उंची रेस्टॉरंट शोधायला बसलं की हल्ली पहिल्याच वळणावर दोन वाटा फुटतात. एक टेस्टिंग मेन्यूची, जिथे दहा-अकरा छोटे पदार्थ शेफने लावलेल्या क्रमाने येतात आणि टेबलावरचे सगळे तेच खातात. दुसरी जुनी वाट, कार्ड हातात घेऊन हवं ते मागवण्याची. गेल्या वर्षी दोन महिन्यांच्या अंतराने मी दोन्हीकडे जाऊन आलो. पहिल्यांदा आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं झाली म्हणून, दुसऱ्यांदा बायकोच्या वाढदिवसाला. माणसं दोन्ही वेळा तीच चार, आणि खर्चही साधारण सारखाच. त्यामुळे तुलना करायला मला थोडी जागा आहे असं वाटतं. त्या दोन जागांची नावं लिहीत नाही. एका संध्याकाळीवरून कुणाबद्दल मत पसरवणं बरं नाही, आणि मला बोलायचंय ते पद्धतीबद्दल.

आधी टेस्टिंग मेन्यूची बाजू, कारण ती भक्कम आहे. महालक्ष्मीच्या शक्ती मिल्सच्या आवारात 2016 साली ‘मास्क’ सुरू झालं. कार्डच नसलेल्या ठिकाणी मुंबईकर किती दिवस जातील, अशी शंका तेव्हा मलाही होती. आशियातल्या पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत 2022 आणि 2023 साली भारतातलं सगळ्यांत वरचं नाव ‘मास्क’चं होतं. त्याआधी बँकॉकमध्ये गगन आनंद यांनी पंचवीस पदार्थांची यादी शब्दांऐवजी इमोजींनी छापली होती, आणि त्यांचं रेस्टॉरंट 2015 पासून सलग चार वर्षं याच यादीत पहिलं राहिलं. हिमांशू सैनी यांच्या दुबईतल्या ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ला 2025 मध्ये मिशेलिनचे तीन तारे, म्हणजे त्या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा सर्वोच्च मान, मिळाले. भारतीय जेवणाच्या रेस्टॉरंटाला ते पहिल्यांदाच मिळाले, आणि तेही टेस्टिंग मेन्यूवर. आपल्या स्वयंपाकाला गेल्या दहा वर्षांत बाहेर जो मान मिळाला, त्यातला मोठा वाटा या पद्धतीचा आहे. याचा मला मनापासून आनंद आहे.

यामागे किचनचं एक साधं गणितही आहे. आज किती माणसं येणार हे सकाळीच पक्कं असतं, आणि प्रत्येक जण काय खाणार हेही. त्यामुळे बाजारात थोडीशीच मिळालेली रानभाजी, आठवडाभरच टिकणारं फळ, कुणा एकाच शेतकऱ्याकडचा तांदूळ, असं काहीही मेन्यूत घेता येतं. कार्डावर पदार्थ छापला की तो रोज द्यावा लागतो. पावसाच्या तोंडावर चार दिवस येणारी शेवळांची रानभाजी कार्डावर कशी छापणार?

आमच्या त्या संध्याकाळी चौथा पदार्थ फणसाच्या आठळ्यांचा होता. मऊ वाटून, तुपावर परतून, वरून कोकमाचे दोन-चार थेंब. जेमतेम तीन चमचे. कोकणातल्या घरात आठळ्या चुलीत भाजून खाल्लेले बाबा पहिल्या घासालाच गप्प झाले आणि वाटी निपटून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कार्डावर ‘आठळ्या’ आणि शेजारी चार आकडी किंमत दिसली असती तर आमच्यापैकी कुणीही ती मागवली नसती. आपण होऊन जे कधीच घेतलं नसतं ते समोर ठेवणं, ही टेस्टिंग मेन्यूची खरी ताकद. कार्डावरून जेवताना असा क्षण मला अजून मिळालेला नाही, हेही सांगायला हवं.

बाबांना आणखी थोडं हवं होतं. वाढणाऱ्या मुलाने फार नम्रपणे सांगितलं की पदार्थ मोजून केलेले असतात. त्याचं काही चुकलं नाही. पण मला तिथेच पंगत आठवली. पंगतीतही बेत यजमानाचा, क्रम ठरलेला, सगळ्यांच्या पानावर तेच. तरी वाढपी दुसऱ्यांदा येतोच, आणि नको असेल तर पानावर हात आडवा धरावा लागतो. ठरलेलं जेवण आपल्याला नवीन नाही, आग्रह नसलेलं ठरलेलं जेवण नवीन आहे.

तरीही एवढ्यावरून मी मत बनवलं नसतं. मत बनलं ते वेगळ्या गोष्टीने.

दुसरा पदार्थ संपता संपता आईने एक आठवण काढली. लग्नानंतर दोघं माथेरानला गेली होती. नेरळहून छोट्या गाडीने. परतायच्या आदल्या दिवशी बाबांचं पाकीट हरवलं. ती इथपर्यंत आली आणि तिसरा पदार्थ आला. चार थाळ्या एकाच वेळी टेबलावर टेकल्या, आणि मुलाने सांगायला सुरुवात केली: तांदूळ कुठला, तो किती तास आंबवला, वरची पानं कुठून आणली, आधी कशाला चमचा लावायचा. मिनिटभर गेलं असेल. आम्ही चौघं मान वर करून ऐकत होतो. कुणी इतक्या आपुलकीने सांगत असताना मध्येच आपलं बोलणं सुरू ठेवणं आईच्या स्वभावात नाही, माझ्याही नाही. तो गेल्यावर आई म्हणाली, “काय सांगत होते मी? हां, पाकीट.” मग काटे बदलायला कुणी आलं. मग आठळ्या आल्या, त्यांचीही गोष्ट होती. पाचव्या पदार्थाच्या वेळी आई पुन्हा पाकिटापासून सुरू झाली आणि पुन्हा थांबली. सहाव्या वेळी बायकोने विचारलं, “आई, मग काय झालं?” आई हसून म्हणाली, “राहू दे गं, घरी सांगेन.” घरी पोचायला साडेबारा झाले. बाबा गाडीतच झोपले होते.

अकरा पदार्थ, प्रत्येकामागे मिनिटभर माहिती, मध्ये काटे-चमचे, पाणी, ‘सगळं ठीक आहे ना?’ मी घड्याळ लावून बसलो नव्हतो. पण त्या तीन तासांत आम्ही चौघं सलग दहा मिनिटं एकमेकांशी बोललो असू असं मला वाटत नाही. आणि आम्ही गेलो होतो ते त्या दोघांसाठी.

माहिती सांगण्यात वाईट काय, असं कुणी म्हणेल. एका अर्थी काहीच नाही. ज्या शेफने महिनाभर एका वाटीवर मेहनत घेतली, त्याला ती मेहनत खाणाऱ्यापर्यंत पोचावी असं वाटणारच. पण पंगतीतल्या वाढप्याकडे पाहा. तो पानापुढून जाताना एकच शब्द उच्चारतो: “भात?” “कोशिंबीर?” शेजाऱ्याशी चाललेलं बोलणं न थांबवता मान हलवता येते.

युरोपातही हा प्रश्न दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी एकदा सुटला होता. फ्रान्समध्ये मेजवानीचे पदार्थ पूर्वी टेबलावर एकदम मांडून ठेवत. एकामागून एक आणून वाढण्याची रीत 19व्या शतकात रुळली, तिला रशियन पद्धत म्हणतात. त्यात पुढे काय येणार हे पाहुण्यांना दिसेना, म्हणून प्रत्येकाच्या समोर छापील यादी ठेवायला लागले. ज्याला कुतूहल असेल तो वाचेल, बाकीचे गप्पा मारतील. आजच्या बहुतेक टेस्टिंग मेन्यूंमध्ये ते कागद जेवण संपल्यावर आठवण म्हणून हातात देतात. मला वाटतं तो कागद सुरुवातीलाच दिला तर अर्धं काम होईल.

आता दुसरी संध्याकाळ. जागा जुनी, एका मोठ्या हॉटेलातली. इथल्या अडचणीही सांगायला हव्यात. बाबांनी कार्ड हातात घेतलं आणि त्यांची नजर सरळ उजव्या रकान्यात गेली. सगळ्यांत स्वस्त सूप आणि “मला एवढं पुरे” हे ठरलेलं होतं. टेस्टिंग मेन्यूत हा संकोच उरतच नाही, एकच रक्कम आधी ठरलेली असते. मी पुढच्या वेळी आधीच फोन करून पाहुण्यांसाठी किमती नसलेलं कार्ड मागणार आहे, काही ठिकाणी ते देतात. शिवाय आम्ही चौघांनी मिळून एक भाजी जास्त मागवली आणि ती उरली. पदार्थांत नावीन्य म्हणावं असं फारसं नव्हतं. दाल, कबाब, एक मासा, बिर्याणी. चव उत्तम, पण दुसऱ्या दिवशी कुणाला वर्णन करून सांगावं असं त्यात काही नव्हतं.

मात्र तिथला वाढणारा माणूस मला अजून आठवतो. पन्नाशीचा असेल. मासा घेऊन आला तेव्हा आईने पुन्हा माथेरान काढलं होतं. तो दोन पावलं मागे थांबला. आईचं वाक्य संपलं, आम्ही हसलो, त्या हसण्यात त्याने बाजूने ताट ठेवलं, बाबांच्या पुढ्यातला रिकामा बाऊल उचलला आणि गेला. एक शब्द बोलला नाही. थोड्या वेळाने बाबांनी स्वतःच त्याला बोलावून मासा कुठला म्हणून विचारलं, तेव्हा त्याने सगळं नीट सांगितलं. दाल संपत आली तसा तो भांडं घेऊन पुन्हा उभा. बाबांनी हात आडवा धरला नाही.

आणि त्या रात्री आईची गोष्ट पूर्ण झाली. ज्या घरगुती खाणावळीत ते दोघं जेवत, तिथल्या बाईंनी पाकीट हरवल्याचं कळल्यावर दोन्ही वेळचे पैसे घेतले नाहीत. वर निघताना पिठलं-भाकरी बांधून दिली. बाबांनी मुंबईला येऊन पहिल्या पगाराला मनीऑर्डर केली. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं: पैसे पोचले, पुढच्या खेपेला थंडीत या, भरलं वांगं करते. ते दोघं पुन्हा कधी गेले नाहीत, याची आईला अजून रुखरुख आहे. मला माझ्या आयुष्यात ही गोष्ट पहिल्यांदा कळली.

हे सगळं पद्धतीमुळे झालं की त्या एका माणसामुळे, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. टेस्टिंग मेन्यूच्या ठिकाणीही असा जाणता माणूस भेटू शकेल. पण पद्धतच अशी असेल की प्रत्येक ताटाबरोबर बोलायलाच हवं, तर त्या मुलाला मागे थांबायची मोकळीक कुठून मिळणार? पुढचा पदार्थ किचनमध्ये तयार असतो, त्याच्यामागे दुसऱ्या टेबलाचा. सगळ्यांचं घड्याळ किचनच्या हातात. कार्डावरच्या जेवणात ते निदान थोडं तरी आपल्या हातात राहतं. बाबांना मधुमेह आहे, गोळी घेतल्यावर त्यांना वेळेत आणि पोटभर खावं लागतं, म्हणूनही मला ते सोयीचं वाटलं. गुरुवार, चतुर्थी पाळणाऱ्यांचा प्रश्नही कार्डावर आपोआप सुटतो. टेस्टिंग मेन्यूत शाकाहारी क्रम मिळतो, पण आधी कळवावं लागतं.

बिलाबद्दल थोडंच. मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात, म्हणजे जिथे खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांच्या वर आहे, तिथे जेवणावर 18 टक्के जीएसटी लागतो. बाहेरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटात 5 टक्के. चार जणांच्या बिलात हा फरक जाणवतो, आणि टेस्टिंग मेन्यूची बरीचशी ठिकाणं स्वतंत्र असल्याने तिथे ती बाजू हलकी पडते. सर्व्हिस चार्ज दोन्हीकडे दिसू शकतो. तो देणं ऐच्छिक आहे, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तसं स्पष्ट केलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते उचलून धरलंय. मी दोन्हीकडे दिला, दुसरीकडे जास्त आनंदाने.

मग कुणी कुठे जावं? एकटे जात असाल तर निःसंकोच टेस्टिंग मेन्यू घ्या. एकट्या माणसाला ती माहिती म्हणजे सोबत असते, आणि किचनसमोरची जागा मिळाली तर संध्याकाळ फार छान जाते. तुम्ही दोघं असाल आणि दोघांनाही खाण्याचंच वेड असेल, बोलायचा विषयही समोरची वाटीच असेल, तर त्याहून चांगलं काही नाही. मी आणि बायको पुढच्या पावसाळ्यात तसं जाणार आहोत, शेवळांच्या आशेने. पण बरोबर आई-वडील असतील, बऱ्याच वर्षांनी भेटलेला मित्र असेल, कुणाला काही महत्त्वाचं सांगायचं असेल, तर माझा कौल कार्डाकडे. जेवणाला थाट हवा आणि बोलण्याला मोकळीक, असं हवं असेल तर अंधेरीच्या आयटीसी मराठामधल्या ‘पेशावरी’सारखी ठिकाणं पाहा. तिथली खाण्याची रीतच हाताने जेवण्याची आहे, दाल रात्रभर मंद आचेवर शिजलेली, आणि पदार्थ इतके ओळखीचे की कुणी ते समजावून सांगायची गरज पडत नाही.

घरातल्या सगळ्यांना टेस्टिंग मेन्यूच हवा असेल, तर टेबल बुक करताना फोनवर एवढं सांगून ठेवा: पदार्थांची माहिती छापील कागदावर आधीच टेबलावर ठेवा, आम्हाला काही विचारायचं असेल तर आम्ही बोलावू. आम्ही हे विचारलंच नव्हतं. आता शेवळांसाठी फोन करेन तेव्हा, आम्ही दोघंच असलो तरी, हे आधी विचारणार आहे.