वीस हजार दीडशेचा बोलिंग बॉल: पुण्यात कोणी विकायला आला तर आधी हे वाचा

आकडा आधीच सांगून टाकते, कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. अ‍ॅडव्हान्स ८,०००. बॉल हातात देताना उरलेले ६,५००. ‘कस्टमचे’, म्हणजे आयात कराचे, म्हणून ३,२५०. भोकं पाडायचे आणि बोटांसाठी आत बसवायच्या रबरी इन्सर्टचे २,४००. एकूण २०,१५०. सगळे यूपीआयने, पावती एकाचीही नाही. मागितली होती. "बिल हवं असेल तर जीएसटी वर पडेल, मॅडम," असं उत्तर मिळालं. हे वाक्य ऐकूनही बिलाचा हट्ट धरणारा पुणेकर मला दाखवा.

मी साठीच्या घरात, बँकेतून निवृत्त, कोथरूडला राहते. सुनेने एकदा नगर रस्त्यावरच्या मॉलमध्ये बोलिंग खेळायला नेलं (लांब गुळगुळीत पट्टीवर, म्हणजे लेनवर, जड बॉल गडगडत सोडायचा आणि टोकाच्या पिना पाडायच्या) आणि नाद लागला. या वयात बोलिंग म्हणून ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. चौकीतही हसून झालंय.

स्वतःचा बॉल ही चैन नव्हती. तिथले हाऊस बॉल सगळ्यांच्या हातात बसावेत म्हणून अंगठा, मधलं बोट आणि अनामिका घालायची तिन्ही भोकं मोठी ठेवलेली असतात. अंगठा सैल राहतो, मग बॉल सुटू नये म्हणून आपण आवळून धरतो आणि मनगट धरतं. त्यात मी डावरी. वजनाचंही मी नीट वाचलं होतं. बॉल जास्तीत जास्त १६ पौंडांचा असतो, आणि आपल्या वजनाचा दहावा हिस्सा हा जुना ठोकताळा. माझं वजन ५६ किलो, म्हणजे १२ पौंड पुरे. १२ पौंड म्हणजे साधारण ५ किलो ४४० ग्रॅम. हे इतकं सांगते आहे कारण ‘माहिती न काढता उडी मारली असेल’ हे ऐकून कान किटलेत.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. ग्रुपवर कोणीतरी नंबर देतं, त्याच्या स्टेटसला खूश गिऱ्हाइकांचे फोटो, ‘अमेरिकेहून माल येतोय, दोनच पीस उरलेत’. माणूस गोड बोलणारा, फूड कोर्टात चहाचे पैसेही त्यानेच दिले. नवा कोरा रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा, म्हणजे लेनला घासून वळणारा बॉल, किंमत १४,५००.

आणि इथेच, त्या चहाच्या टेबलावर, ते घडलं. हाताचं माप घ्यायला त्याने शिंप्याकडे असते तसली टेप काढली. माझ्या डाव्या हातात कप होता, म्हणून त्याने उजवा हात ओढला, अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत टेप धरली आणि मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं. मी म्हटलं, "अहो, मी डावरी आहे." क्षणभर थांबला. मग म्हणाला, "काही प्रॉब्लेम नाही मॅडम, मशीन उलटं करून घेतं."

मशीन उलटं करून घेतं! हे वाक्य आठवलं की अजून रात्री उठून बसते. खरं माप घेणारा अंगठ्याच्या मुळापासून मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या पेरांपर्यंत वेगवेगळं अंतर घेतो, वेगवेगळ्या मापांच्या भोकांत अंगठा घालून बघायला लावतो, बोटं किती वाकतात ते पाहतो. दोन मिनिटांत उरकत नाही ते. पण मी तरी काय समजणार? दोन हात एकमेकांचे आरसेच असतात, मशीन उलटं करतही असेल. बँकेत आम्हाला खोट्या नोटा ओळखायला शिकवलं होतं, बोलिंगचे बॉल नाही.

माप घ्यायचं हे सगळं नाटक होतं, कारण बॉल आधीच भोकं पाडून त्याच्या गाडीत पडलेला होता. दुसऱ्या कोणाच्या हातासाठी, उजव्या हातासाठी. मधलं बोट जिथे जायला हवं तिथलं भोक अनामिकेच्या मापाचं. मी तक्रार केली तर, "दोन आठवडे खेळा, हात बसेल." जड लागतोय म्हटलं तर, "रिअ‍ॅक्टिव्हच्या आत कोअर असतो, तो जड वाटतोच." बॉल वळत नाही म्हटलं तर, "लेनवर तेल कमी आहे." लेनला तेल लावलेलं असतं खरं, पण हे साफ उलटं. घासायला कोरडी लेन मिळाली तरच असला बॉल वळतो, तेलावर तो सरळ घसरत जातो. परतच करते म्हटल्यावर मात्र आवाज बदलला. "भोकं पाडली की बॉल परत घेत नाहीत, मॅडम. तुमच्या मापाचा आहे, दुसऱ्याला कसा विकू?"

खरी मेख इथे आहे, लक्षात घ्या. भोकं पाडली की माल तुमच्या गळ्यात. म्हणून बॉल आधी कोरा, भोकांशिवाय, हातात घेऊन बघा. ड्रिलिंग तुमच्यासमोर होणार नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

मनगट सुजलं तेव्हा बॉल बाजाराच्या पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नेला. काट्यावरून तो गडगडायला लागला, म्हणून वाण्याने पातेल्यात ठेवला आणि पातेल्याचं वजन वजा केलं. ६ किलो २७० ग्रॅम. म्हणजे १४ पौंडी बॉल, भोकांची भर कमी होऊन. "वहिनी, तोफगोळा घेतलात काय?" असंही वर विचारून झालं.

मग मॉलमध्ये नेहमी खेळायला येणाऱ्या एका काकांनी मोबाइलचा टॉर्च बॉलवर आडवा धरला. अंगठ्याच्या भोकाच्या एका कडेला चंद्रकोरीच्या आकाराचा फिकट तुकडा. जुनं भोक बुजवून त्यालाच लागून नवं पाडलेलं. नख फिरवलं की कड लागते. बॉलच्या पोटाभोवती बारीक ओरखड्यांचा पट्टा, पॉलिशने दाबलेला. सिरीयल नंबर घासून काढलेला. आणि बाजूला, जिथे कोणाचंच बोट जात नाही तिथे, चौथं बुजवलेलं भोक. पूर्वी तोल साधायला असं जादा भोक पाडत. अमेरिकेतल्या यूएसबीसी या बोलिंगच्या संघटनेने १ ऑगस्ट २०२० पासून ते बंद केलं. म्हणजे ‘नवा कोरा’ बॉल त्याच्याही आधीचा! बुजवून पुन्हा पाडलेला बॉल वाईटच असतो असं नाही, लोक तो तसं सांगून स्वस्तात विकतात. सांगून.

आता सरकारी पाहुणचार. चौकीतले साहेब म्हणाले, "काकू, वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." पैसे ऑनलाइन गेलेत म्हटल्यावर सायबरवाल्यांकडे पाठवलं. तिथले म्हणाले, माणसाला तुम्ही समोरासमोर भेटलात, हे सायबरमध्ये बसत नाही, मॉल ज्या हद्दीत आहे तिथे जा. तिथे गेले तर, तुम्ही राहता कोथरूडला, तिथेच द्या. सहा किलोचा ‘पुरावा’ घेऊन वनाज ते रामवाडी मेट्रोने फिरायचं, आणि प्रत्येक टेबलावर तो नुसता फिरवून बघायचा, बोटं घालायची, हसायचं. एकाने तर जमिनीवर टाकूनही पाहिला.

बँकेत गेले. माझ्याच जुन्या बँकेत, जिथे मी आयुष्य घातलं. "पिन तुम्हीच टाकलात ना, मॅडम?" खातेदाराचा पत्ता द्या म्हटलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, गुन्हा दाखल झाल्याशिवाय पत्र नाही. गुन्हा का दाखल नाही? आरोपीचा पत्ता नाही. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तेवढं एक बरं. पण तिथेही नोटीस पाठवायला पत्ता लागतोच, आणि माझ्याकडे आहे एक फोन नंबर आणि क्यूआर कोडवरचं ‘एंटरप्रायझेस’.

म्हणून कोड स्कॅन करण्याआधी माणसाचा पत्ता आणि आधार बघा, गोड वाटो न वाटो. ऑनलाइन पैसे गेल्याचं लक्षात आल्या आल्या १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, घरात चर्चा करत बसू नका. आमच्या ह्यांनी "जाऊ दे, शोभा नको" म्हणत मला थोपवलं, त्यात वेळ गेला. सोसायटीतल्या बायकांना अजून सांगितलेलं नाही. आता त्या इथेच वाचतील.

त्याने मला ब्लॉक केलंय. सुनेच्या फोनवर मात्र परवा त्याचं स्टेटस दिसलं: ‘लेडीज स्पेशल, १० पौंड, ब्रँड न्यू, एकच पीस’. १० पौंड म्हणजे साडेचार किलोच्या आसपास. घ्यायला जाणार असाल तर पिशवीत काटा आणि टॉर्च न्या, आणि तो कुठल्या हाताचं माप घेतो ते बघा.