खेळण्यातल्या क्वाडला सिल्व्हरवेअर, की सरळ बीटाफ्लाइटचा बोर्ड?

ई०११ किंवा एच८ मिनीच्या जातीचा क्वाड (चार पंख्यांचा छोटा ड्रोन) हातात आहे आणि त्याच्या मूळ फर्मवेअरचा, म्हणजे बोर्डावरच्या सॉफ्टवेअरचा, कंटाळा आलाय, असं धरून चालतो. रिमोटची काठी सोडली की तो आपोआप सरळ होतो, त्यामुळे ॲक्रो (आपोआप सरळ न होणाऱ्या क्वाडचं, कसरतींचं उड्डाण) शिकायची सोयच नाही. इथून पुढे दोन वाटा आहेत. त्याच बोर्डावर सिल्व्हरवेअर हे दुसरं फर्मवेअर चढवायचं, किंवा फ्रेम आणि मोटर ठेवून बीटाफ्लाइट हे फर्मवेअर असलेला ब्रश्ड बोर्ड (खेळण्यातल्या साध्या, ब्रशच्या मोटरसाठीचा) बसवायचा. मी दोन्ही वापरलंय.

बीटाफ्लाइटची बाजू खरोखर भक्कम आहे. यूएसबी लावली, कॉन्फिगरेटर (सेटिंगचं ॲप) उघडला की रेट (क्वाड किती वेगाने वळतो), फिल्टर (सेन्सरची खरखर गाळणारे), पीआयडी (तोल कसा सावरायचा ते ठरवणारे पी, आय, डी हे आकडे) सगळं समोर दिसतं. अडलं तर विचारायला माणसं भरपूर. पुढे ब्रशलेस (ब्रश नसलेल्या, जास्त ताकदीच्या मोटरचा क्वाड) घ्यायचा असेल तर इथे शिकलेलं काहीच वाया जात नाही. दोन गोष्टी मात्र घेण्याआधी बघा. स्वस्त जुने बोर्ड बरेचदा एफ३ चिपचे असतात आणि बीटाफ्लाइटच्या नव्या आवृत्त्या त्यांच्यावर चालत नाहीत. शिवाय त्यांच्यावर बहुधा फ्रस्काय कंपनीच्या रिमोटचा रिसीव्हर असतो, म्हणजे खोक्यातला रिमोट बाद, आणि नवा रिमोट क्वाडपेक्षा महाग.

सिल्व्हरवेअरचा सगळा त्रास सुरुवातीला आहे. एसटी-लिंक (चिपमध्ये फर्मवेअर भरायचं छोटं उपकरण) मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळून जातो, पण बोर्डावरचे डेटा, क्लॉक आणि ग्राउंडचे पॅड तांदळाच्या दाण्याहून लहान. बारीक टोकाची सोल्डरिंग गन आणि पातळ वायर हवीच. चिपला रीड प्रोटेक्शन (आतलं फर्मवेअर वाचू न देणारं कुलूप) असतं. ते काढताना मूळ फर्मवेअर पुसलं जातं आणि ते परत टाकता येत नाही. खोक्यावर तेच नाव असूनही आत सिल्व्हरवेअर न चालणारी वेगळी चिप निघू शकते, तेव्हा आधी उघडून चिपवरची अक्षरं भिंगातून वाचा.

एवढं असूनही माझा कौल सिल्व्हरवेअरला गेला, तो ट्यूनिंगमुळे, म्हणजे हे पीआयडीचे आकडे जुळवण्याच्या कामामुळे. क्वाड २५० ग्रॅमच्या आतला, म्हणजे नॅनो वर्गातला असला तरी मुंबईत विमानतळाची हद्द आणि पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश बघता मी बाहेर उडवत नाही. सोसायटीचा हॉल रिकामा मिळाला की तिथे. क्वाड थरथरतोय, पी जरा कमी करून बघावा असं वाटलं की बीटाफ्लाइटवर बॅटरी काढा, लॅपटॉप उघडा, केबल लावा, आकडा बदला, सेव्ह करा, केबल काढा, पुन्हा बॅटरी. तोवर आधीची थरथर नेमकी कशी होती हेच हाताला आठवत नाही. ओएसडी (कॅमेऱ्याच्या चित्रावर आकडे आणि मेन्यू दाखवणारी सोय) असलेल्या बोर्डावर हे मेन्यूतून जमतं, पण या किमतीत ओएसडी क्वचितच.

सिल्व्हरवेअर कंपाइल करताना (कोडमधून फर्मवेअर बनवताना) जेश्चर ट्यूनिंगचा, म्हणजे काठीच्या खुणांनी आकडे बदलायचा, पर्याय चालू ठेवला की क्वाड जमिनीवर ठेवून उजव्या काठीनेच काम होतं. वर-खाली-वर केलं की पी, आय, डी यांतला पुढचा. वर-खाली-खाली केलं की पुढचा अक्ष (बाजूला कलणं, पुढे-मागे झुकणं, जागच्या जागी वळणं यांतला). वर-खाली-उजवीकडे वाढवायला, डावीकडे कमी करायला. शेवटी खाली-खाली-खाली, सेव्ह. बॅटरी न काढता लगेच पुन्हा हवेत. आणि हे सगळं खोक्यातल्याच रिमोटवर. बॅटरी उतरत आली की पीआयडी त्या हिशेबाने वाढवणारा पर्यायही आहे. मोजमाप केलेलं नाही, पण शेवटच्या मिनिटात क्वाड ढिला पडत नाही, हे माझ्या बोटांना नक्की कळतं.

रेट बदलायचे तर मात्र फाइल बदलून पुन्हा कंपाइल आणि पुन्हा एसटी-लिंक, हे खरं. म्हणून मी पॅडला जोडलेली वायर काढून टाकत नाही, छोटा कनेक्टर लावून फ्रेमला चिकटवून ठेवतो.

सोल्डरिंगची सवय नसेल किंवा ब्रशलेसचे पैसे बाजूला काढून ठेवले असतील, तर बीटाफ्लाइटचा बोर्ड घ्या, पस्तावणार नाही. क्वाड घरात आहेच आणि पावसाळाभर हॉलमध्येच उडवायचा असेल, तर मला वाटतं आधी एसटी-लिंक आणून बघावा. फसलं तरी फ्रेम आणि मोटर शाबूत राहतात, आणि बीटाफ्लाइटचा बोर्ड नंतर त्यावरच बसवता येतो.