पुढचं वर्ष कीबोर्डवर की एडिट टेबलवर?

सिनेमाला पार्श्वसंगीत द्यायचं ठरवलेल्या माणसापुढे हा पेच कधी ना कधी येतोच. हाताशी एक वर्ष आहे, रोजचे दोन-तीन तास मोकळे आहेत. ते हार्मनी (स्वरांची जुळणी) आणि ऑर्केस्ट्रेशन (कुठल्या वाद्याला काय द्यायचं ते) पक्कं करण्यात घालवायचे, की सिनेमा कसा बनतो ते शिकण्यात? ‘दोन्ही थोडं थोडं करा’ असं सांगून मोकळं होता येईल, पण थोडं थोडं केलेलं काहीच हाताला लागत नाही. त्यामुळे मी इथे एक बाजू घेणार आहे. आधी दोन्ही बाजू एकाच प्रसंगावर ठेवून बघू.

प्रसंग असा. वडील टेबलावर एक जुनं घड्याळ उघडून बसलेत. मुलगी येते आणि घर सोडून जात असल्याचं सांगते. ते मान वर करत नाहीत, चारच वाक्यं बोलतात. मग हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतात. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. ती जाते, दार बंद होतं. सगळा सीन 2 मिनिटं 10 सेकंदांचा.

पहिला संगीतकार पक्का संगीताचा माणूस आहे. सीन सुरू होताच त्याचा पियानो सुरू होतो. वडील बोलायला लागले की खाली चेलो येतो, मुलगी उठली की व्हायोलिन्स चढतात आणि दार बंद होताना सगळं शिखरावर पोचतं. स्वररचना देखणी आहे. पण चेलोची ती धून नेमकी पुरुषी आवाजाच्याच पट्टीत फिरते. मिक्सिंगच्या वेळी, म्हणजे संवाद, आवाज आणि संगीत एकत्र बसवताना, संवाद कळेना म्हणून संगीताची पातळी खाली ओढली जाते, मग आणखी खाली. शेवटी थिएटरमध्ये उरते ती एक अस्पष्ट गुणगुण.

दुसरा संगीतकार आधी एकच प्रश्न विचारतो: संकलकानं हातांचा शॉट सहा सेकंद का धरून ठेवलाय? त्याच्या लक्षात येतं की या सीनचा ताल घड्याळाच्या टिकटिकीत आहे आणि ती साउंडवाल्यांच्या ताब्यात आहे. स्क्रूड्रायव्हर टेबलावर टेकेपर्यंत तो काहीच वाजवत नाही. टेकल्यावरही लगेच नाही, श्वासभर थांबून एक लांब स्वर. आणि दार बंद व्हायच्या आधी तो स्वर संपलेला असतो, कारण दाराचा आवाज आणि त्यानंतरची खोली ऐकू यायला हवी. एकूण संगीत जेमतेम 40 सेकंद.

नुसतं ऐकलं तर पहिल्याचंच काम जास्त आवडेल. पडद्याशिवाय दुसऱ्याच्या कामात ऐकण्यासारखं फारसं काही नाही. तुम्हाला नेमकं कोणतं काम करायचंय, याचं उत्तर बरंचसं इथेच मिळतं.

मग रवि शंकरांचं काय?

यावर येणारा आक्षेप रास्त आहे. 1955च्या ‘पथेर पांचाली’चं संगीत रवि शंकर यांनी दिलं, तेही जवळपास एकाच लांबलचक बैठकीत ध्वनिमुद्रित करून. त्यांनी काही संकलनाचे धडे गिरवले नव्हते. मग आपल्यालाच कशाला हवं हे सगळं?

पण त्या खोलीत दुसरा माणूस कोण होता ते बघा. सत्यजित राय यांचा संगीताचा कान इतका तयार होता की 1961च्या ‘तीन कन्या’पासून ते आपल्या चित्रपटांचं संगीत स्वतःच करू लागले. कुठला तुकडा कुठे ठेवायचा, किती चालवायचा आणि कुठे कापायचा, हे जाणणारा माणूस तिथे हजर होता. अशा दिग्दर्शकासोबत संगीतकाराला फक्त संगीत येत असलं तरी भागतं.

मला यातून एवढंच दिसतं की दोघांपैकी एकाला तरी दुसऱ्याची भाषा यावी लागते. तुमच्या वाट्याला येणाऱ्या पहिल्या दहा दिग्दर्शकांपैकी किती जणांना संगीताची भाषा येत असेल? बहुतेक जण म्हणतील, “इथे जरा थंड वाटू दे,” किंवा “हे फार गोड होतंय,” किंवा नुसतंच “अजून काहीतरी हवंय.” त्यात त्यांची चूक नाही. म्हणून ओझं तुमच्यावर येतं.

‘अजून काहीतरी हवंय’चा खरा अर्थ पुष्कळदा ‘सीन रेंगाळतोय आणि का ते मला कळत नाहीये’ असा असतो. ज्यानं स्वतः फुटेज कापलंय त्याला दिसतं की समोरच्याची प्रतिक्रिया दाखवणारा शॉट उशिरा येतोय. तो म्हणू शकतो, “हा कट बारा फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, अलीकडे घेऊन बघता का? नाही जमलं तर मी खालून गती देतो.” ज्याला फक्त संगीत येतं तो आणखी तीन वाद्यं भरतो.

टेम्प ट्रॅक

नव्या संगीतकाराची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते. संकलनाच्या काळात दुसऱ्याच कुठल्यातरी चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावलेलं असतं. महिनाभर तेच ऐकून दिग्दर्शक त्याच्या प्रेमात पडलेला असतो. याचं टोकाचं उदाहरण 1968चं: स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘2001: अ स्पेस ओडिसी’साठी अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी लिहिलेलं आणि ध्वनिमुद्रित झालेलं संगीत बाजूला ठेवलं गेलं आणि आधीपासून निवडलेलं शास्त्रीय संगीतच राहिलं. आपलं संगीत नाहीये हे नॉर्थ यांना चित्रपट पाहतानाच कळलं.

संगीत शिकलेला माणूस टेम्पमध्ये धून ऐकतो आणि तिच्या जवळ जाणारी, पण चोरी न वाटणारी धून शोधत बसतो. संकलन केलेला माणूस त्यात दुसरंच ऐकतो: कट या टेम्पोवर बसवलेत का, संगीत कोणत्या नजरेवर शिरतं, कुठे विरळ होतं. धून टाकून द्यायची, या तीन गोष्टी ठेवायच्या. दिग्दर्शकाचं प्रेम बहुधा यांच्यावरच जडलेलं असतं, त्याला वाटतं धूनेवर आहे. मला स्वतःला हे कळायला तीन लघुपट लागले. त्यातल्या एकावरून माझं काम काढून टाकलं गेलं, आणि आता मागे वळून बघताना ते बरोबरच होतं.

तांत्रिक भाग: याची भीती नको

फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम), टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ सांगणारा आकडा), स्टेम्स (वाद्यगटांचे वेगवेगळे ट्रॅक) ऐकून अनेकांना वाटतं सिनेमा शिकणं म्हणजे हेच. खरं तर याला एक दुपार पुरते. सेकंदाला 24 फ्रेमच्या चित्रपटात 120च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला 120 ठोक्यांना, एक ठोका बरोबर 12 फ्रेमचा होतो. 25 फ्रेमला तोच ठोका साडेबारा फ्रेमवर जातो आणि एक सोडून एक ठोका फ्रेमच्या मध्येच पडतो. तिथे टेम्पो 125 केला की पुन्हा 12वर बसतो. चित्र 23.976ला चालतंय आणि तुम्ही 24 धरून काम केलंत, तर तीन मिनिटांच्या तुकड्याच्या शेवटी चार फ्रेमचा घोळ होतो. संगीताचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) 48 किलोहर्ट्झ ठेवायचा, 44.1 नाही. कामाला बसण्याआधी फ्रेम रेट लेखी विचारून घ्यायचा. झालं.

सिनेमा शिकायचा, पण त्यातलं काय?

इथे पर्याय पाच, आणि ते एका तोलाचे अजिबात नाहीत.

संकलन सगळ्यात वर, आणि बाकीच्यांपेक्षा बरंच वर. कारण ते संगीताच्या सगळ्यात जवळचं आहे: लांबी, विराम, पुनरावृत्ती, अपेक्षा लावून धरणं. एकच प्रसंग दोनदा कापून बघा, एकदा बोलणाऱ्यावर कॅमेरा ठेवून, एकदा ऐकणाऱ्यावर. सीनचा मालक बदलतो. मग संगीत कोणाच्या बाजूनं वाजवायचं हा प्रश्न आपोआप पडायला लागतो, जो आधी कधीच पडलेला नसतो. शिवाय संकलनात एक कडू धडा मिळतो: चांगला शॉट काढून टाकावा लागतो. ज्यानं तो काढलाय तो स्वतःची चांगली धूनही काढू शकतो.

साउंड आणि मिक्सिंग दुसरं. संवाद, पावलं, दारं, वारा, गर्दी हे सगळं तुमच्या संगीताशी एकाच जागेसाठी भांडत असतं. माणसाच्या बोलण्याचा स्पष्टपणा साधारण 1 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. तिथे तारवाद्यांची भिंत उभी केली तर पडणार भिंतच, संवाद नाही. पावसाच्या सीनमध्ये झांजांची सळसळ लिहिणाऱ्यानं एकदा मिक्सिंगला बसावं. वर्षभर नको, दोन-तीन बैठका पुरतात.

पटकथा वाचणं फुकटात होतं आणि फार थोडे जण करतात. तुम्हाला चित्रीकरणाआधीच संगीत लिहायचं असेल तर मात्र ही पायरी संकलनाच्याही वर जाते. ‘जोकर’ (2019) साठी हिल्दुर गुडनादोत्तिर यांनी पटकथेवरून आधीच संगीत लिहिलं आणि ते सेटवर वापरलं गेलं. त्याच्या कितीतरी आधी सर्जियो लेओने यांनी ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’च्या चित्रीकरणात एन्निओ मोरिकोने यांचं आधीच तयार असलेलं संगीत सेटवर वाजवलं होतं. अशा कामात कट अजून जन्मालाच आलेला नसतो, त्यामुळे संकलनाचं ज्ञान वापरणार कुठे? गंमत म्हणजे त्याच चित्रपटाची सुरुवातीची कित्येक मिनिटं संगीताशिवाय जातात. करकरणारी पवनचक्की, ठिबकणारं पाणी, एक माशी.

सेटवर जाणं ऐकायला आकर्षक आहे, पण एक-दोन दिवसांपलीकडे संगीतकाराच्या हाती फारसं लागत नाही. बराचसा वेळ वाट बघण्यात जातो. नट एका वाक्याआधी किती थांबतो आणि दहा टेकमध्ये ते थांबणं कसं बदलतं, तेवढं बघून घरी यावं.

स्वतःची लघुफिल्म करणं याबद्दल माझं मन द्विधा आहे. मी केली, सात मिनिटांची. दहातले नऊ भाग श्रम माणसं आणि तारखा जुळवण्यात गेले, ज्याचा संगीताशी काडीचा संबंध नव्हता. पण तीन महिने आधी लिहून ठेवलेली माझी लाडकी थीम जिथे सुरू व्हायची, बरोबर तिथेच बघणारे खुर्चीत चुळबुळ करायचे. दुसऱ्या वेळीही तेच झालं. मी ती काढली. दुसऱ्या दिग्दर्शकानं काढली असती तर मी वर्षभर त्याला नावं ठेवली असती. त्या एका अनुभवासाठी एवढा खटाटोप करायचा का, हे तुमच्या स्वभावावर आहे. रुसणारे असाल तर करा.

पूर्ण वेळचा चित्रपट अभ्यासक्रम संगीतकाराला सहसा गरजेपेक्षा मोठा पडतो. त्यातून मिळणारी खरी गोष्ट म्हणजे सोबतचे होतकरू दिग्दर्शक. ते दुसरीकडे मिळत असतील तर वर्ष वाचतं.

कोणी या वाटेला जाऊ नये

ज्याचा हात अजून संगीतात बसलेला नाही त्यानं थांबावं. सीन कुठे वळतो हे अचूक कळलं, पण त्या वळणावर लिहायला दोनच कॉर्ड येत असतील तर उपयोग काय? 1960च्या ‘सायको’मध्ये हिचकॉक यांना स्नानगृहातला खून संगीताविना हवा होता. बर्नार्ड हरमन यांनी तरीही संगीत लिहिलं आणि ऐकल्यावर हिचकॉक यांनी मत बदललं. दिग्दर्शकाच्या निर्णयाविरुद्ध जायला सिनेमाची समज लागते हे खरं, पण नुसत्या तंतुवाद्यांमधून तो आवाज काढायला आयुष्यभराचं ऑर्केस्ट्रेशन लागतं. त्यामुळे दिलेल्या मूडमध्ये दोन दिवसांत दोन मिनिटांचं स्वच्छ संगीत तुम्हाला लिहिता येत नसेल, तर हे वर्ष कीबोर्डला द्या.

दुसरा धोका अर्धवट शिकलेल्यांचा. सिनेमा नुकताच कळायला लागलेला संगीतकार प्रत्येक कटावर ठोका मारतो, नट जिना चढला की स्वर चढवतो. तिसरा धोका वागण्याचा: संकलकाच्या मागे उभं राहून त्याला कट शिकवणं. बारा फ्रेमची ती सूचना एकदाच करायची, तीही विचारल्यावर.

हात बऱ्यापैकी बसलेला असेल तर मी वर्षातले आठ महिने संकलनाला देईन. ओळखीच्या कोणा नवख्या दिग्दर्शकाकडून एका सीनचं कच्चं फुटेज मागायचं, सगळे टेक, खराब झालेलेसुद्धा. संगीत अजिबात न लावता तो सीन उभा करायचा. आठवडाभर बाजूला ठेवून पुन्हा बघायचा. आणि तुम्हाला जिथे संगीत घालायचा मोह होईल ती प्रत्येक जागा टाइमकोडसकट कागदावर उतरवायची. माझ्या पहिल्या सीनच्या कागदावर अशा अकरा जागा होत्या. अखेरीस संगीत लागलं ते दोन ठिकाणी, आणि त्यातली एक जागा त्या अकरांमध्ये नव्हतीच.