कॅमेऱ्याची केबिन बॅग: ८ महिने आणि २२ फ्लाइट्स झाल्यावर

ही बॅग घेऊन आठ महिने झाले, मोजून २२ फ्लाइट्स झाल्या, म्हणून आता लिहायला बसले. घेण्याआधी मी रिव्ह्यू खूप वाचले होते पण ते सगळे पहिल्या आठवड्यातले, झिप मऊ आहे, फोम छान आहे, रंग मळत नाही. विमानतळावर बॅगेचं काय होतं ते कोणी लिहितच नाही. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, लग्नाचे फोटो काढते, आणि इकडच्या मराठी घरांतली मुलं पुण्या-बेंगलोरला गेली तशी लग्नंही तिकडेच व्हायला लागली, त्यामुळे महिन्यातून एकदोनदा विमान ठरलेलंच.

आधी माझ्याकडे ट्रॉली होती. जाड फोम, चाकं, नंबरचं कुलूप, एकदम मजबूत. पण रिकामीच ४ किलो भरायची आणि केबिनची लिमिट ७ किलो, म्हणजे कॅमेऱ्यासाठी उरले तीन. मग एक लेन्स जॅकेटच्या खिशात, बॅटऱ्या पर्समध्ये, चार्जर बाबांच्या हातात, असं करत चेक-इनच्या लाइनमध्ये घाम फुटायचा.

आणि मग ते पुण्याचं लग्न. त्या दिवशी विमान एटीआर ७२ होतं, पंख्यावालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या विमानात डोक्यावरचे कप्पे जेट विमानापेक्षा बरेच लहान असतात, चाकांची बॅग तिथे बसतच नाही. शिडीजवळ स्टाफने टॅग लावला आणि ट्रॉली खाली पोटात गेली. मी सांगत राहिले की आत काच आहे, पण मागे लाइन होती आणि दोन मिनिटांत सगळं बाहेर काढून हातात तरी काय काय धरणार? पुण्याला बॅग मिळाली तेव्हा ७०-२०० लेन्सचं हूड (पुढची झडप) तुटलेलं आणि फोकस रिंग अडकलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता हळद. रात्री ११ वाजता भाड्याने लेन्स शोधत फिरले, ती रात्र मी विसरणार नाही. दुसऱ्याच्या घरचं लग्न आहे हो, ते परत होत नाही.

तेव्हापासून बॅग बघताना माझा पहिला प्रश्न हाच असतो की गेटवर कोणी मागितली तर ३० सेकंदांत काय काढून घेता येईल.

तर ही पाठीवरची बॅग आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण अशी रचना चार-पाच कंपन्यांकडे मिळते, रचना बघून घ्या. रिकामी दीड किलोच्या आसपास. आत एक वेगळा डबा आहे, पॅडवाला, स्वतःची चेन आणि हँडल असलेला, तो पूर्ण बाहेर निघतो. माझा जीव त्या डब्यात आहे. २२ पैकी दोन वेळा परत टॅगची वेळ आली, दोन्ही वेळा मी डबा काढला, समोरच्या सीटखाली ठेवला आणि बाकी बॅग कपडे-चार्जरसकट देऊन टाकली. स्टाफलाही बरं वाटतं, वाद होतच नाही.

वजनाचा हिशोब देते कारण मला हा कुठे मिळाला नव्हता. निकॉन झेड६ टू कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, बॅटरी-कार्डसकट एक ७०५ ग्रॅमची, म्हणजे १४१० झाले. मग लेन्स, २४-७० एफ २.८ चे ८०५, ८५ एमएम १.८ चे ४७०, १४-३० चे ४८५ आणि ७०-२०० चे ट्रायपॉडला लावायच्या कॉलरसकट १४४०. हे झालं ४६१०, त्यात बॅग धरली की सहा किलोच्या थोडं वर, आणि जास्तीच्या बॅटऱ्या, कार्ड, पुसायचं कापड घालून काटा ६.८ च्या आसपास थांबतो. मी निघायच्या आधी घरी हुकच्या काट्यावर दोनदा मोजते. माप पण टेपने मोजा, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर चालतं पण बाहेरचे खिसे फुगले की बॅग जाड होते, ते जाहिरातीतल्या मापात नसतं. बॅटरी काढलेलं फ्लॅशचं नुसतं डोकं, स्टँड, ट्रायपॉड हे सगळं १५ किलोच्या चेक-इनमध्ये, कपड्यांत गुंडाळून.

बॅटऱ्या मात्र चेक-इनमध्ये कधीच नाही!! सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच न्यायच्या असतात, कारण शॉर्ट होऊन आग लागली तर केबिनमध्ये ती विझवायला माणसं असतात, खाली सामानात कोणी नसतं. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनला आधी विचारावं लागतं आणि अशा दोनच नेता येतात, त्याच्या वर प्रवाशाला बंदच. बॅटरीवर वॉट-अवर लिहिलेलं नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, एमएएच लिहिलं असेल तर त्याला आधी हजाराने भागा. माझ्या गोडॉक्स एडी२०० फ्लॅशची बॅटरी १४.४ व्होल्ट, २९०० एमएएच, म्हणजे ४२ च्या आतच. कॅमेऱ्याची तर जेमतेम १६ ची. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ ने गुणली की ७४. मी प्रत्येक बॅटरीच्या धातूच्या पट्ट्यांवर टेप लावते आणि वेगळ्या पाऊचमध्ये ठेवते. एकदा माझ्या असिस्टंटकडून फ्लॅशची एक बॅटरी मोठ्या बॅगेत राहिली, बोर्डिंगच्या आधी नाव पुकारलं, खाली नेऊन बॅग उघडायला लावली, तो बिचारा इतका घाबरला की आता घरातून निघतानाच मला पाऊच उघडून दाखवतो.

सिक्युरिटीला पण डबा कामाला येतो. "मॅडम, कॅमेरा निकालिए, लेन्स भी" म्हणाले की डबा ट्रेमध्ये उघडा करून ठेवते, एकेक लेन्स काढून मांडायची गरज सहसा पडत नाही. तरी १५ मिनिटं जास्त धरूनच निघा, इंदूरच्या विमानतळाकडे जाताना बिजासन टेकडीच्या रस्त्याला गर्दी लागते ती वेगळीच. बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याचे फिल्म रोल नेत असाल तर मशीनमध्ये घालायच्या आधी हाताने तपासायची विनंती करा, नवीन सीटी मशीन (जास्त जोराच्या एक्स-रेचं) असेल तर नक्कीच, आणि चेक-इनमध्ये तर टाकूच नका.

दुबईला एका लग्नाला गेले तेव्हा मुंबईला कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घेतलं, सगळ्यांचे सिरियल नंबर लिहून. परत येताना हे सामान तिकडून विकत आणलं का असा प्रश्न आला की तो कागद दाखवायचा. वेळ लागतो, पण करा.

आता तक्रारी. पट्ट्याची शिलाई पाचव्या महिन्यात उसवली, राजवाड्याजवळ एका चांभारकाकांकडून डबल टाके घालून घेतले, तेव्हापासून घट्ट आहे. कंपनीला दोन मेल केले, उत्तर नाही, याचा राग आहे मला. कमरेचा पट्टा बारीक आहे, ७ किलो घेऊन तासभर उभं राहिलं की खांदे भरून येतात. रेन कव्हर वेगळं घ्यावं लागतं. डब्याच्या वेल्क्रोला शालीचे धागे चिकटतात, ते चिमट्याने काढत बसावं लागतं.

तरी याच किमतीत परत घ्यायची झाली तर हीच घेईन. जुनी ट्रॉली विकली नाही. मुंबईचं काम असलं की लाइट आणि स्टँड तिच्यात भरून असिस्टंट अवंतिका एक्सप्रेसने पुढे जातो, सीटखाली ती छान बसते, आणि मी डबा घेऊन मागून विमानाने.